शांत बसायला माणसं कशाला लागतात?

मागच्या अंकात गुडघेदुखीच्या एका पत्राला उत्तर देताना ओघात लिहून गेले होते, की लेकीकडे बर्मिंगहॅमला राहत असताना मी दर रविवारी क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या प्रार्थनासभेत जाऊन बसायचे. तिथं पाद्री नाही, गाणं नाही, पोथी नाही. आणि आता कोल्हापुरात, राजारामपुरीत माझ्याच घरी आम्ही थोडी माणसं रविवारी सकाळी तशीच बसतो. गुडघ्यांची चौकशी कुणीच केली नाही. पत्रं आली ती सगळी या बसण्याबद्दल. म्हणून या वेळचं सदर त्यालाच.

काकू, मी आळत्याला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं आहे. तुमचे क्वेकर तासभर गप्प बसून वेगळं काय करतात? आणि शांत बसायचंच तर त्याला चार माणसं कशाला लागतात?
(एक वाचक, शाहूपुरी)

दादा, आधी खोली डोळ्यांसमोर आणा. बाकं चौकोनात मांडलेली, सगळ्यांची तोंडं आत. मधे साधं टेबल, त्यावर कुणीतरी घरच्या बागेतून आणलेली फुलं, बायबल, आणि लाल पुठ्ठ्याचं एक जाडजूड पुस्तक. ते पुस्तक ब्रिटनच्या क्वेकरांनी १९९४ च्या वार्षिक सभेत मंजूर केलेलं; साडेतीनशे वर्षांतल्या साध्यासुध्या माणसांच्या अनुभवांचे उतारे त्यात आहेत. वेदी नाही, क्रूस नाही, व्यासपीठ नाही. घंटा होत नाही. पहिला माणूस येऊन बसला की सभा सुरू झाली असं धरतात. मागून येणारे हळूच येऊन बसतात.

आणि मग काहीच होत नाही. कुणाचं पोट गुरगुरतं. कानाचं यंत्र शिट्टी मारतं. हीटरचा पाइप तापताना टकटक करतो. पहिले काही रविवार मी लेकीच्या फ्रीजमध्ये काय उरलंय याचाच हिशेब करत होते. तिथं तंत्र कुणी शिकवत नाही. श्वास बघा, संवेदना बघा, डोळे मिटा, असं काही नाही. खिडकीबाहेर बघत बसलात तरी चालतं. विपश्यनेत शंभर माणसं एका हॉलमध्ये असली तरी जो तो आपापलं काम करत असतो. शेजाऱ्याशी नजरानजरसुद्धा करायची नाही असा नियम तुम्ही पाळला असणारच. इथं उलट. इथं सगळे मिळून एकाच गोष्टीची वाट बघत असतात. जॉर्ज फॉक्स या विणकराच्या मुलानं सतराव्या शतकात, इंग्लंडात यादवी चालू असताना, हे मांडलं की देवाचा अंश प्रत्येक माणसात आहे आणि तो थेट बोलतो, मधे दलाल लागत नाही. १६५२ साली उत्तर इंग्लंडच्या डोंगरात हजारभर माणसांपुढं तो उघड्यावर बोलला आणि तिथून ही मंडळी वाढली. थेट बोलणारा कुणाच्या तोंडून बोलेल याचा भरवसा नाही, म्हणून सगळ्यांनी एकत्र बसायचं. चार माणसं लागतात ती याच्यासाठी.

तर मधेच एखादा माणूस उभा राहतो, तीन-चार वाक्यं बोलतो आणि बसतो. त्याला कुणी उत्तर देत नाही, दाद देत नाही, माना डोलावत नाही. पुन्हा शांतता. पुढचा कुणी बोललाच तर मधे बरीच जागा सोडून. उठावं की नाही हे कसं कळतं, असं मी तिथल्या एका आजीबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, सुचलेलं फक्त माझ्यापुरतं असेल तर गिळते; गिळूनही छाती धडधडायची थांबली नाही तर उठते. कित्येक क्वेकर असंच सांगतात.

आता खरं बोलते. पुष्कळ रविवारी कुणी बोलतच नाही, आणि बोललं जातं त्यातलं बरंचसं घरी येईपर्यंत विसरायच्या लायकीचं असतं. एक गृहस्थ सकाळचा पेपर वाचून यायचे आणि उठून जगाच्या परिस्थितीवर बोलायचे. दर रविवारी. सभेनं काही काळापुरते नेमलेले ‘एल्डर’ असतात, त्यांच्यातल्या एकीनं त्यांना चहाच्या वेळी बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. नंतर ते एक आड एक रविवारी बोलू लागले.

पण कधी असंही होतं. आमच्या राजारामपुरीच्या बैठकीत चिखलीकडच्या एक बाई येतात. मागच्या पावसाळ्यात बाहेर धो धो पडत होता, आणि कधी तोंड न उघडणाऱ्या त्या बाई बसल्या जागीच बोलल्या, “एकोणीसच्या पुरात बोटीत बसताना म्हशीचं दावं इळ्यानं कापून आले. ती पोहली का न्हाई कळलं न्हाई. पाऊस लागला की हाताला दाव्याची गाठ लागतीया.” एवढंच. समुपदेशकाच्या खोलीत याच्यावर तासभर बोलता आलं असतं. इथं कुणी ब्र काढला नाही, “असू दे हो” म्हणालं नाही. आम्ही सात माणसं ती म्हैस मनात घेऊन उरलेला वेळ बसून राहिलो. आळत्याला जे मिळतं ते मोलाचंच आहे. हे मात्र तिथं होणार नाही, तिथल्या नियमातच बसत नाही.

तास संपला की दोन एल्डर एकमेकांशी हात मिळवतात, मग सगळेच शेजाऱ्याशी. त्याच्या जरा आधी शेजारच्या खोलीतली मुलं आत येऊन बसलेली असतात. मग सूचना, मग चहा-बिस्किटं. कपबश्या धुवायची पाळी कुणाची ते फळ्यावर लिहिलेलं असतं आणि त्यातून निवृत्त प्रोफेसरही सुटत नाही.

मी माळकरी. पंढरीची वारी चुकवत नाही. तुमच्याकडे येऊन बसायचं मनात आहे. माळ काढावी लागेल काय?
(कागल)

माउली, माळेला कोण हात लावतंय! पण तुमच्या प्रश्नाला जुना दाखला आहे म्हणून सांगते. गांधीजी १८९३ मध्ये प्रिटोरियात असताना कोट्स नावाच्या एका तरुण क्वेकराशी त्यांची दोस्ती जमली. कोट्सनं त्यांच्या गळ्यातली तुळशीची कंठी बघितली आणि म्हणाला, ही अंधश्रद्धा तुम्हाला शोभत नाही, आणा, तोडून टाकतो. गांधीजींनी सांगितलं, आईनं प्रेमानं घातलेली आहे, ती आपणहून झिजून तुटेल तेव्हा तुटेल. दोस्ती टिकली, कंठीही राहिली. कोट्स मनाचा चांगला होता, पण अगोचरपणा करायला निघाला होता हेही खरंच. आताचे क्वेकर असं कुणाला म्हणताना मी ऐकलं नाही. बर्मिंगहॅमच्या सभेत एक बौद्ध बाई आणि एक ज्यू गृहस्थ नेमानं यायचे. या तुम्ही. वारीहून आल्यावर या, म्हणजे प्रसादही मिळेल आम्हाला.

क्वेकर मतदान घेत नाहीत असं तुम्ही लिहिलंत. मग निर्णय होतो कसा? आमच्या सोसायटीत पार्किंगवरून तीन वार्षिक सभा उधळल्या. खुर्च्या उचलायची वेळ आली. काही उपाय असेल तर सांगा.
(त्रासलेला सेक्रेटरी, फुलेवाडी)

सेक्रेटरीसाहेब, तुमच्या पत्राचीच वाट बघत होते. मी जिल्हा न्यायालयात स्टेनो होते. माणसं काय बोलतात आणि कागदावर काय उतरतं यातलं अंतर मोजण्यात उभा जन्म गेला. क्वेकरांच्या रविवारच्या शांततेपेक्षा त्यांची महिन्याच्या कामकाजाची सभा बघून मी जास्त चाट पडले.

सभेची सुरुवात शांततेनं. टेबलाशी ‘क्लार्क’ बसतो. तो अध्यक्ष नाही, त्याला स्वतःचं मत मांडायचं नसतं. विषय तो वाचतो. बोलायचं त्यानं उभं राहायचं, क्लार्कनं खूण केली की क्लार्ककडे बघून बोलायचं. एकमेकांकडे बघून बोलायचं नाही. नुसत्या एवढ्यानं निम्मी भांडणं मरतात हे माझं अनुभवाचं मत. एक बसला की लगेच दुसरा उठत नाही, मधे थोडं थांबतात. एकदा बोललेला माणूस त्याच विषयावर सहसा पुन्हा उठत नाही. आपल्या आधी कुणी आपलं म्हणणं मांडलं असेल तर गप्प बसायचं. टाळ्या नाहीत, “बरोबर! बरोबर!” नाही.

आणि मग खरी गंमत. सभेचा कौल कुठं जातोय हे क्लार्क ऐकत असतो, आणि तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर, ठराव लिहून काढतो. लोक त्याचं पेन चालेपर्यंत शांत बसून राहतात. मग तो वाचून दाखवतो. एखादी म्हणते, ‘ठरवलं’ नको, ‘इच्छा आहे’ घाला. तो खोडतो, पुन्हा वाचतो. सगळे “होप सो” असं पुटपुटतात आणि तो विषय संपतो. आमच्याकडे साक्ष नोंदवली की साक्षीदाराला वाचून दाखवतात आणि बरोबर असल्याचं कबूल करून घेऊन मगच सही घेतात, तसंच हे, फक्त साक्षीदार चाळीस. तुमच्याकडे काय होतं? मिनिट्स तुम्ही महिन्याभरानं घरी बसून लिहिता, आणि पुढच्या सभेचा पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हाच भांडणाला पुरतो.

मी होते तेव्हा तिथं एका झाडाचा विषय चालू होता. सभेच्या आवारात जुनी दफनभूमी, तिच्या कुंपणाशी दांडगा वृक्ष, त्याच्या मुळांनी भिंत फुगलेली. पलीकडचा शेजारी कुरकुरत होता. तोडा म्हणणारे जास्त होते. हात वर करायला सांगितले असते तर पाच मिनिटांत आटोपलं असतं. एक म्हातारे गृहस्थ उठले. तोडू नका असं ते म्हणालेच नाहीत. म्हणाले, भिंत कुणी बांधली आणि कधी, हे आपण बघितलंय का? कुणी बघितलं नव्हतं. क्लार्कनं लिहिलं, आज आम्ही तयार नाही, अमुक दोघांनी माहिती आणावी. पुढच्या महिन्यात कळलं की भिंत झाडाच्या किती तरी नंतरची, आणि ती शेजाऱ्याच्याच हद्दीत. भिंत पुन्हा बांधायला सभेनं थोडे पैसे दिले, झाड राहिलं. बहुमतानं झाड गेलं असतं आणि नंतर शेजाऱ्याच्या भिंतीसाठी आपलं झाड तोडल्याचं कळलं असतं.

आता दुसरी बाजूही ऐका, नाहीतर म्हणाल काकूंना नुसतं कौतुक. या पद्धतीत वेळ जातो, आणि त्या वेळाची किंमत कधीकधी भलत्यालाच मोजावी लागते. माणसं गुलाम म्हणून ठेवणं पाप आहे, असा लेखी निषेध पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या काही मंडळींनी १६८८ साली आपल्या सभेपुढं ठेवला. गुलाम ठेवणाऱ्याला सभासद राहता येणार नाही, असं फिलाडेल्फियाची वार्षिक सभा म्हणाली ते १७७६ साली. अठ्ठ्याऐंशी वर्षं! जॉन वूलमन नावाचा शिंपीकाम करणारा माणूस मधल्या काळात घरोघर हिंडून एकेका मालकाशी शांतपणे बोलत राहिला, म्हणून तेवढ्यात तरी झालं. सभेची एकवाक्यता होईपर्यंत ज्यांच्या पायात बेड्या होत्या त्यांनी काय करायचं, याला क्वेकरांकडे चांगलं उत्तर नाही. ते तसं कबूलही करतात. मात्र एकदा ठरलं की ते पक्कं असतं. २००९ साली यॉर्कच्या वार्षिक सभेत समलिंगी जोडप्यांचे विवाह आपल्याकडे इतरांसारखेच व्हावेत असं त्यांनी ठरवलं. असल्या विषयावर इतर पंथांत फाटाफूट झाली, ब्रिटनच्या क्वेकरांत झाली नाही.

तुमच्यासाठी उपाय: सहकार कायद्यात बहुमत आहे, ते तुम्ही टाळू शकत नाही. पण पार्किंगची सभा बोलावण्याआधी साधी बैठक घ्या, ठराव न करणारी. बोलणाऱ्यानं एकदाच बोलायचं आणि तुमच्याकडे बघून बोलायचं. तुम्ही स्वतःचं मत खिशात ठेवायचं. (तुमची गाडी कुठं लागते ते पत्रात लिहिलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलंय.) सगळ्यांदेखत तीन ओळी लिहा, मोठ्यानं वाचा, खोडा, पुन्हा वाचा. खुर्च्या प्लास्टिकच्या असतील तर आधी सतरंजी घाला.

क्वेकर कोर्टात शपथ घेत नाहीत हे खरं का? मग साक्ष कशी चालते?
(एक वकील)

खरं आहे. शपथ वाहू नका, तुमचं हो ते हो असू द्या, असं येशूनं सांगितलंय ते त्यांनी शब्दशः घेतलं. शिवाय शपथेवर खरं बोलतो म्हटलं की एरवी खोटं बोलायची मुभा घेतल्यासारखं होतं, हा त्यांचा मुद्दा. त्यापायी सुरुवातीला ते ढिगानं तुरुंगात गेले. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या कायद्यानं त्यांना शपथेऐवजी प्रतिज्ञेची सवलत दिली. आपल्याकडे १९६९ च्या शपथ कायद्यात ती सोय कुणालाही आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. शपथेवर धडधडीत खोटं बोलणारे इतके टाइप केलेत की मला त्यांचं म्हणणं पटायला वेळ लागला नाही.

आमचं घराणं कोल्हापूरच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी. बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही, उपदेश नाही. मग हे लोक ख्रिस्ती तरी कसे म्हणायचे?
(ब्रह्मपुरी)

तुमच्या प्रश्नातली खटक मला कळते. अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात आले तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती माणसानं शाळा, दवाखाने, देऊळ सगळं उभं करताना काय सोसलं हे ऐकून आहे. त्या सगळ्यावर पाणी सोडून नुसतं गप्प बसायचं, हे रुचणार नाहीच.

ते म्हणतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन आम्ही नाकारत नाही. ते आत घडायचं असतं, आणि प्रत्येक जेवण प्रभुभोजनच आहे. तुम्हाला पटावं असा माझा आग्रह नाही. पण मी पाहिलेली शांत सभा म्हणजे सगळे क्वेकर नव्हेत. जगातले सगळ्यात जास्त क्वेकर आफ्रिकेत आहेत, केनियात तर विशेष, आणि त्यांच्याकडे पाळक आहेत, उपदेश आहे, दणक्यात गाणीही आहेत. आपल्या बुंदेलखंडात, छतरपूर-नौगाव भागात, ओहायोच्या क्वेकर मिशनऱ्यांनी उभ्या केलेल्या मंडळ्याही तुम्हाला तुमच्या चर्चसारख्याच वाटतील. ब्रिटनमध्ये मात्र आज असेही क्वेकर आहेत जे स्वतःला ख्रिस्ती म्हणवत नाहीत, आणि त्यावरून त्यांच्यात आपसात चांगलीच धुसफुस आहे. ती शांतपणे चालते, इतकंच.

मी शिवाजी विद्यापीठात एम.ए. करते. आम्हा दोघांना भटजीशिवाय, साधं लग्न करायचंय. क्वेकरांचं लग्न कसं असतं? आपल्याकडे चालेल का?
(एक विद्यार्थिनी)

बाळ, भटजीशिवाय लग्नासाठी बर्मिंगहॅमला जायची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी तशी लग्नं लागू लागली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठबळानं १९११ मध्ये समाजाची शाखा झाली. तुझ्या पणजीच्या पिढीत कुणाचं तरी सत्यशोधकी लग्न झालेलं असेल, घरात विचार.

क्वेकरांचं लग्न त्याच जातीचं, पण मंगलाष्टकंही नाहीत. सगळे नेहमीसारखे शांत बसतात. मनाची तयारी झाली की ती दोघं उठतात, हात धरतात आणि एकमेकांना वचन देतात. लावून कुणी देत नाही, त्यांचं तेच लागतं. मग पुन्हा शांतता, कुणाला वाटलं तर दोन शब्द. शेवटी मोठ्या कागदावर लिहिलेल्या दाखल्यावर हजर असलेला एकूणएक माणूस सही करतो, पोरंटोरं धरून. मी गेले त्या लग्नात एका चिमुरड्यानं आपलं नाव उलट्या अक्षरांत काढलं, आणि शाई सांडली ती नवरीच्या आईच्या सहीवर. तो कागद आता त्यांच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलाय. लग्नाला आलेले सगळे साक्षीदार, म्हणजे पुढं संसारात कुरबुर झाली तर विचारायचा हक्क त्यांना आपोआप मिळाला. हे मला फार आवडलं. इंग्लंडच्या १७५३ च्या विवाह कायद्यानंही त्यांच्या या पद्धतीला हात लावला नव्हता.

तुमच्यासाठी: १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्या, तीस दिवस थांबा, तीन साक्षीदार घेऊन नोंदणी करा. नंतर संध्याकाळी हॉलमध्ये बसा, बोला, सगळ्यांच्या सह्या घ्या. शाईचं पेन नको, बॉलपेन ठेव. आणि आईला आधी सांग. माझं नाव सांगून नव्हे.

हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. गोरे लोक एसीत बसून शांती शोधतात आणि तुम्ही त्यांचे गोडवे गाता. शेतकऱ्याला शांत बसायला वेळ आहे का?
(शिरोळ)

एसी नव्हता, हीटर होता, आणि तोही धड चालत नव्हता. बाकी तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. ब्रिटनमधल्या सभांत शिकलेली, पांढरपेशी, उतारवयाची गोरी माणसं जास्त, माझ्यासारखी एखादीच. पेनसिल्व्हेनिया वसवणारा विल्यम पेन मोठा क्वेकर, त्याच्याकडे गुलाम होते. कॅडबरी घराणं क्वेकर. साओ टोमे बेटावरून येणारा कोको वेठबिगारीतून पिकतोय असं त्यांच्या कानावर १९०१ मध्ये आलं, आणि तो विकत घेणं त्यांनी थांबवलं १९०९ मध्ये. यावरून एका वर्तमानपत्रानं त्यांच्यावर टीका केली तेव्हा त्यांनी बदनामीचा दावा लावला. ज्युरीनं निकाल त्यांच्या बाजूनं दिला आणि भरपाई किती? एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. कोर्टात जन्म काढलेल्या बाईला विचारा, याहून मोठी थप्पड ज्युरी मारू शकत नाही.

उरलेलं निम्मं मात्र मान्य नाही. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात क्वेकरांचं मदतपथक येऊन राबत होतं. १९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटन आणि अमेरिकेतल्या त्यांच्या दोन सेवासंस्थांना मिळालं, ते शांत बसल्याबद्दल नव्हे, दोन्ही महायुद्धांत आणि नंतर उपाशी माणसांना, मग ती शत्रूची का असेनात, जेवू घातल्याबद्दल. मार्जरी साइक्स १९२८ मध्ये मद्रासला शिकवायला आल्या त्या इथल्याच झाल्या. सेवाग्रामला नई तालीमचे, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचे, शिक्षक त्यांनी घडवले. विटांची स्वस्त, देखणी घरं बांधणारे लॉरी बेकर क्वेकरच. होशंगाबादजवळ रसुलियाला क्वेकरांचं ग्रामकेंद्र होतं. खेड्यातल्या पोरांनी विज्ञान घोकण्याऐवजी करून बघावं, हा होशंगाबादचा प्रयोग १९७२ साली सोळा शाळांत सुरू झाला, तो किशोर भारती संस्था आणि हे केंद्र यांनी मिळून.

आणि शेतकऱ्याच्या वेळाचं म्हणाल तर आमच्यात एक ऊस लावणारे येतात. तोडणीच्या हंगामात येत नाहीत. कुणी विचारत नाही.

मिस्टर जाऊन दीड वर्ष झालं. मुलगा पुण्याला. घरात दिवसभर शांतताच आहे, टीव्ही लावला तरी. ती घ्यायला मी आणखी कुठं जाऊ? लिहिलं, राग मानू नका.
(गडहिंग्लज)

ताई, राग कसला. तुम्हाला आणखी शांतता नकोय हे वाचताक्षणी कळलं.

बर्मिंगहॅमला मी एक पद्धत बघितली ती सांगते. सभेत दोघा-तिघांकडे माणसांची विचारपूस करायचं काम सोपवलेलं असतं, ठरावीक वर्षांसाठी, पाळीपाळीनं. दोन रविवार कुणी दिसलं नाही की त्यांचा फोन जातो. गाडी नसलेल्यांना कोण आणणार, कुणाला दवाखान्यात सोडायचंय, कुणाच्या घरी सूप पोचवायचंय, हे चहाच्या टेबलावर ठरतं. लेक बाळंत झाली तेव्हा आमच्या दारात ओळीनं पंधरा दिवस कुणी ना कुणी डबा ठेवून गेलं. त्यात मीठ नव्हतं, मसाला तर नव्हताच, पण आम्ही खाल्लं. गप्प बसलेल्या माणसांत ही एकमेकांची खबर कुठून येते, याचं मला आधी नवल वाटायचं. तासभर समोरासमोर बसलं की माणसाचं तोंड उतरलेलं दिसतंच.

तुम्ही कोल्हापूरला यायचा आटापिटा करू नका. गल्लीतल्या दोघीतिघींना ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी घरी बोलवा. भजन येत असेल तर भजन करा, हरिपाठ येत असेल तर हरिपाठ. त्याला क्वेकर म्हणायची गरज नाही, आम्हीही म्हणत नाही. आमच्यातलं कुणी त्यांचं सभासद नाही. एवढंच करा, की शेवटी दहा मिनिटं कुणी काही न म्हणता बसा आणि मग चहा टाका. आणि एकीला नेमा, जी आली नाही तिच्या दारावर थाप मारायची. पहिल्या महिन्यात ती तुम्हीच व्हा. कुणाकडे जायचंय म्हटलं की माणूस साडी बदलतो, केस विंचरतो.

तुमचा पत्ता संपादकांकडे आहे. गडहिंग्लजला माझी मावसबहीण असते, तिला तुमच्याकडे पाठवू का? होय-नाही कळवा. ती बोलते फार, ते आधीच सांगून ठेवते.

राजारामपुरीत रविवारी शांतता मिळते का हो?
(मंगळवार पेठ)

नाही. साडेआठला भंगारवाल्याची रेकॉर्ड, मग खालच्या मजल्यावर मिक्सर, गणपतीच्या महिन्यात मंडळाचा सराव. खिडक्या आम्ही मुद्दाम बंद करत नाही. ढोल सुरू झाला की तालमीतले एक पैलवान आहेत, त्यांचा गुडघा तालावर हलतो आणि त्याबरोबर माझा सोफाही. बसायला खुर्च्या आहेत, मांडी घालावी लागत नाही. यायचं असेल तर या सदराच्या पत्त्यावर कार्ड टाका, आणि येताना वाटीभर साखर आणलीत तर बरं, मागच्या रविवारी संपली.